फक्कीची प्रयोगशाळा

अनुआतेची पहिली इमारत रोज जेवणाच्या वेळी पलंगाखाली जायची. म्हणजे तिचा ड्रॉइंग बोर्ड. कन्नमवार नगरातल्या आमच्या घरात तो एकदा मांडला की ताटं मांडायला जागा उरायची नाही. मग आई भाकऱ्या घेऊन आली की बाबा आणि मी दोन बाजूंनी तो उचलायचो आणि अनुआते ओरडायची, "आडवा धरा, आडवा! शाई ओली आहे!"

अनुआते म्हणजे माझ्या बाबांची सगळ्यात धाकटी बहीण, अनुपमा. आमच्या अख्ख्या गावातली पहिली आर्किटेक्ट. गाव कुडाळच्या पलीकडे. तिथे अजून सगळ्यांना वाटतं की ती मुंबईत गवंड्यांवर मुकादम आहे, आणि तेसुद्धा त्यांना भारीच वाटतं. फोर्टातल्या एका ऑफिसात ती दोन वर्षं दुसऱ्यांच्या इमारतींचे जिने आणि संडास काढत होती. त्या वर्षी दिवाळीनंतर मात्र तिच्या साहेबांनी, चंद्रप्रकाश सरांनी, तिला पहिल्यांदाच एक अख्खी इमारत दिली. प्रयोगशाळा! मुलुंडला होणारी, दुमजली, रंगांवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेची. कापडाचा रंग धुतल्यावर का जातो, उन्हात का विटतो, तो टिकवायचा कसा, असलं सगळं तिथे शोधतात.

मी तेव्हा नववीत होते आणि ऑगस्टपासून खो-खोच्या टीमची कॅप्टन होते. हे सांगायलाच हवं, कारण त्याआधी मी अशी नव्हते. आठवीपर्यंत बाईंनी नुसतं नाव विचारलं तरी माझ्या तोंडातून आवाज फुटायचा नाही. पण कॅप्टनला मैदानाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडावं लागतं, आणि एकदा तसं ओरडता आलं ना, की कुणाशीही बोलता येतं. आई तर म्हणायची, "हिला कॅप्टन कुणी केलं त्याला घरी बोलवा एकदा. दिवसभर बसून हिचं ऐकू दे त्याला."

अनुआतेच्या इमारतीची मात्र वाट लागत चालली होती. संस्थेने नकाशा दोनदा परत पाठवला होता. चूक दाखवली असती तर तिने सुधारली असती, पण चूक कुणी दाखवतच नव्हतं! संस्थेतले सगळ्यात ज्येष्ठ शास्त्रज्ञ म्हणजे डॉक्टर सीताराम पेडणेकर. त्यांना सगळे नाना म्हणतात. ते नकाशा बघायचे, चष्मा काढायचे, परत घालायचे आणि म्हणायचे, "छान आहे हो. पण काहीतरी... बघा अजून." आणि नाना हो म्हणेपर्यंत एक वीटही बसणार नाही असं संस्थेच्या ट्रस्टींनी सांगून ठेवलेलं.

"अजून म्हणजे काय बघू?" शुक्रवारी संध्याकाळी अनुआते अर्ध्या ब्लेडने ट्रेसिंग पेपरवरची शाई खरवडत म्हणाली. "सोमवारी तिसऱ्यांदा नकाशा जाणार. सर म्हणाले, ह्या वेळी नाही पटला तर काम ते स्वतःकडे घेणार. मग मी परत जिने काढत बसायचं."

"आणि संडास," मी म्हटलं.

"जये, उशी फेकून मारीन हं."

पण उशी आलीच नाही. ती खाली बघून खरवडत राहिली, खूप वेळ, एकाच जागी. कागद फाटेल की काय असं वाटायला लागलं. तेव्हा मी ठरवलं की शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की तिच्याबरोबर त्या जुन्या प्रयोगशाळेत जायचं आणि त्या नानांना स्वतः बघायचं. मी कॅप्टन होते. समोरची टीम न बघता मी कधी मैदानात उतरत नाही.

जुनी प्रयोगशाळा विक्रोळीलाच, हायवेच्या कडेला एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये होती. वर पत्रे. आत बाटल्याच बाटल्या, आणि जिकडेतिकडे दोऱ्यांवर वाळत टाकलेले कापडाचे चौकोनी तुकडे, जांभळे, किरमिजी, मोरपंखी, हळदीचे. मला वाटलं होतं प्रयोगशाळा म्हणजे पांढरीशुभ्र, दवाखान्यासारखी. ही तर रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशीच्या गल्लीसारखी दिसत होती. झकास!

"हात वर!" अचानक कुणीतरी ओरडलं, आणि टेबलांपाशी काम करणारे सगळे हात उचलून उभे राहिले. मीपण उचलले. बाहेरून एक ट्रक धडधडत गेला. तो लांब गेल्यावर सगळ्यांनी हात खाली घेतले आणि कामाला लागले.

"ट्रक आला की तराजूचा काटा हलतो," अनुआतेने माझ्या कानात सांगितलं. "इतका नाजूक तराजू की तू शेजारी शिंकलीस तरी वजन बदलतं. नव्या इमारतीत तराजूसाठी मागच्या कोपऱ्यात दगडी ओटा देणार आहे मी. त्याचा पायासुद्धा वेगळा, थेट जमिनीतून वर आणलेला, भिंतींना न चिकटलेला."

"मग हेच का नाही आवडत त्यांना?"

"तेच तर!"

उत्तरेच्या मोठ्या खिडकीखाली एक लांब टेबल होतं आणि तिथे नाना आणि दुसऱ्या ज्येष्ठ शास्त्रज्ञ कमलताई शेजारी शेजारी बसले होते. नाना उंच, वाकलेले, कोटाच्या खिशात हात घालून. कमलताई बुटक्या, चष्म्याला दोरी लावलेल्या, आणि त्यांच्या पांढऱ्या कोटावर इतके डाग की तो पांढरा आहे हे मागून बघितलं तरच कळायचं. उत्तरेकडचा उजेड दिवसभर सारखा असतो म्हणे, त्यामुळे रंग खरा दिसतो. सगळी प्रयोगशाळा त्या खिडकीवर चाललेली.

कमलताई काचेच्या बारीक नळीतून पाण्याच्या चंचुपात्रात निळा रंग थेंब थेंब सोडत होत्या. नाना बघत होते.

"अजून," नाना म्हणाले. थेंब. "अजून." थेंब. "अजून... बस."

ह्या 'बस'ला कमलताईंचा हात जिथल्या तिथे थांबला, आमच्या खांबाजवळ पळणारी मुलगी शिट्टीला थांबावी तसा.

"ही कोण आणलीस गं?" कमलताईंनी विचारलं.

"माझी भाची, जया. खो-खो खेळते."

"मग बस बाई उकिडवी. स्टूल नाही आमच्याकडे जास्तीचं."

अनुआतेने टेबलावर नकाशा पसरला आणि परत एकदा सगळं समजावून सांगितलं. ही नानांची खोली, ही शेजारची कमलताईंची. मधे चांगली जाड भिंत, म्हणजे एकमेकांचा आवाज नाही, त्रास नाही. दोन्ही दारांवर पितळी पाटी. ट्रस्टींनी शब्दच दिला होता, नव्या इमारतीत प्रत्येक ज्येष्ठ शास्त्रज्ञाला स्वतंत्र खोली. बाकीचे तरुण शास्त्रज्ञ मागून माना उंच करून बघत होते आणि "वा, वा" करत होते.

नाना म्हणाले, "मोठी आहे खोली." पण ज्या आवाजात म्हणाले ना, त्या आवाजात लोक हॉस्पिटलच्या खोलीबद्दल बोलतात. "उजेड छान येईल. पण... बघा."

"काय बघू, नाना?" अनुआते म्हणाली. तिचा आवाज जरा फाटलाच. "खिडकी हलवू? ओटा कमी करू? धूर ओढणारं कपाट नको तिथे?"

"नाही, नाही, तुमचं सगळं बरोबर आहे."

कमलताई नकाशा उलटसुलट करून बघत होत्या. "खरं सांगू, अनुपमा? मला ह्या रेघांतलं काही म्हणजे काही दिसत नाही. रेणूचं चित्र दाखव, लगेच वास कसा येईल ते सांगते. पण हे बघून मला कळतच नाही की मी आत उभी आहे की भिंतीत."

परतताना बसमध्ये अनुआते खिडकीकडे तोंड करून बसली. मी म्हटलं, "नाना किती हुकूम सोडतात गं! अजून, अजून, बस! स्वतः नळी धरायला काय होतं?"  मग मी कमलताईंच्या बोलण्याचा विचार करायला लागले. मी आत उभी आहे की भिंतीत. हे मी कुठेतरी ऐकलं होतं. कुठे? आमच्या टीममधल्या नव्या मुली! भाऊराव सर फळ्यावर खडूने चौकोन काढून दाखवतात, तू इथून वळ, तू तिथून, आणि मुली नुसत्या बघत राहतात. मग सर वैतागून म्हणतात, "चला मैदानात, उभ्या राहा." आणि मैदानात फक्कीच्या रेघेवर उभं राहिलं की ढ मुलीलासुद्धा कळतं.

"आते!" मी इतक्या जोरात ओरडले की कंडक्टरने घंटी मारली. "फक्की मारू या!"

"काय?"

"तुझी प्रयोगशाळा! मैदानावर! खरीच्या खरी, जेवढी आहे तेवढी! भिंतीच्या जागी फक्की. आणि त्यांना सगळ्यांना आत चालायला लावू."

अनुआते आधी हसली. मग हसायची थांबली. मग माझ्याकडे बघत राहिली. "गवंडी पाया खणायच्या आधी चुन्याने आखतात," ती हळूच म्हणाली. "पण नकाशा मंजूर झाल्यावर. आधी कुणी आखत नाही."

"मग आपण आखू ना!"

पुढच्या स्टॉपला उतरलो आणि हायवेच्या कडेने उलट पळत आलो. मी दारातूनच सांगितलं, "उद्या सकाळी आमच्या शाळेच्या मैदानावर सगळ्यांनी या. पांढरे कोट घालून या. आणि तुमचं थोडं सामान आणा, नळ्या, बाटल्या, रंग. खरंखुरं काम करायचं, नाटक नाही." अनुआतेने मागून माझी वेणी ओढली, पण कमलताई म्हणाल्या, "रविवार तसाही धुण्यात जातो. येऊ की."  कमलताईंनी नानांकडे बघितलं तेव्हा त्यांनी मान हलवली.

आता राहिले भाऊराव सर. फक्कीच्या खोलीची चावी त्यांच्याकडे, आणि फक्कीच्या बाबतीत ते फार कंजूष.

"शाळेच्या फक्कीत बंगला बांधणार तुम्ही?" त्यांनी दारातच विचारलं.

"प्रयोगशाळा, सर. संशोधनासाठी."

"कितव्या मजल्यापर्यंत पुरवायची?"

"एकच मजला, सर. वरचा."

"खालचा न बांधता वरचा? तुझी आत्या आहे तरी कोण?" पण चावी दिली. सोमवारी सगळं झाडून खो-खोचं मैदान पुन्हा मी एकटीने आखायचं, ह्या अटीवर.

रविवारी सकाळी ऊन कोवळं असतानाच आम्ही मैदानात. मी, माझी मैत्रीण जानकी, आणि टीममधल्या मिळतील तेवढ्या मुली. जानकीला मी घरातून उठवून आणलं होतं आणि ते ती दर पाच मिनिटांनी मला ऐकवत होती. बाबा दोरी आणि खुंट्या घेऊन आले. मिलमध्ये होते तेव्हा त्यांनी रंगखात्यात काम केलेलं, त्यामुळे त्यांना ह्या प्रकरणात भलतीच गोडी. अनुआते नकाशात बघून ओरडायची, बाबा दोरी ताणायचे, आणि आम्ही दोरीच्या कडेने मुठीतून फक्की सोडत उलटं उलटं चालायचो. कोपरा काटकोनात आला की नाही ते ती दोरीला गाठी मारून तपासायची आणि नसला तर पायाने पुसायला लावायची.

"जये, ही तुमची प्रयोगशाळा की भजनाचो मांडव?" बाबा म्हणाले. "माका तर हय पेटी आणि तबलोच दिसता."

"दादा, दोरी ताण!"

"ताणलंय गो. तुझ्या भिंतीतून कुत्रो गेलो बघ. तेका दार खय ठेवलंस?"

वर्गांतली बाकं काढून आम्ही टेबलं म्हणून मांडली. जिथे धूर ओढणारं कपाट होतं तिथे पुठ्ठ्याचं खोकं, जिथे नळ होता तिथे बादली. तराजूच्या ओट्यावर जानकीने स्वतःची चप्पल ठेवली, कारण ती म्हणाली की नाजूक वस्तू ठेवायला दुसरं काही नाही. शेवटची रेघ मारून झाली तेव्हा अनुआते मैदानाबाहेर गेली आणि तिथून बघत उभी राहिली. बोर्डाएवढं काहीतरी इतके दिवस पलंगाखाली जात होतं, आणि ते आज एवढं मोठं झालं होतं.  ती पदराने नाकावरची फक्की पुसायला गेली आणि आणखीच लावून घेतली.

शास्त्रज्ञ आले, अगदी पांढऱ्या कोटांत. मैदानाबाहेर पोरांची गर्दी झाली. कुणीतरी ओरडलं, "ए, पोलिओचा डोस आलाय, पळा!" मी सगळ्यांना नियम सांगितले. फक्की म्हणजे भिंत. भिंतीतून जायचं नाही. दारातूनच जायचं. जो भिंत ओलांडेल त्याला जानकी शिट्टी वाजवून आऊट देईल. "आणि दिवसभर जे करता तेच करायचं, कळलं? सुरू!"

आणि काय सांगू, यार! पहिल्या दहा मिनिटांत अनुआतेला जे कळलं ते दोन महिन्यांत कळलं नव्हतं. एक तरुण शास्त्रज्ञ दार उघडल्यासारखं करून आत गेला तो थेट दुसऱ्याच्या पाठीवर. "दार बाहेर उघडू दे," अनुआते म्हणाली आणि हातातल्या कागदावर खूण केली. बाटल्या धुवायला सगळे एकाच बादलीपाशी गोळा झाले, सकाळी आमच्या मजल्यावर नळाला होते तशी गर्दी. "दोन नळ." दोघं पाठीला पाठ लावून काम करत होते आणि तिसऱ्याला मधून जाता येईना. "इथे रुंदी वाढवते." लोक तिला हाका मारत होते, "अहो अनुपमा, हे बघा," "अहो, इथे या ना," आणि ती फक्कीतून, माफ करा, दारांतून, इकडून तिकडे पळत होती. आता तिचा चेहरा लाल झाला होता आणि शुक्रवारच्या संध्याकाळची ती त्यात कुठेच नव्हती.

फक्त नाना त्यांच्या खोलीत नुसते उभे होते. मोठी खोली. चारी बाजूंना फक्की. मधे बाक, बाकावर चंचुपात्र आणि नळी. भिंतीपलीकडे कमलताई आपल्या बाकापाशी. दोघांमध्ये हातभर अंतर असेल, पण भिंतीचा नियम होता.

"नाना, काम सुरू करा ना!" मी ओरडले.

त्यांनी खिशातून हात काढला. नळीत लाल रंग घेतला. नळी चंचुपात्रावर धरली. थेंब बाकावर पडला. दुसरा थेंब बाकावर. तिसरा खाली जमिनीवर, पांढऱ्या फक्कीवर, मोठा लाल ठिपका. नानांनी नळी ठेवून दिली. आजूबाजूला बघितलं. मग चंचुपात्र दोन्ही हातांत धरून दारातून बाहेर आले, व्हरांड्यातून वळले, कमलताईंच्या दारातून आत गेले. चालताना पात्रातलं पाणी कोटावर सांडत होतं. कमलताईंनी त्यांच्याकडे न बघताच नळी उचलली. "अजून," नाना म्हणाले. "अजून... बस." मग परत दारातून, व्हरांड्यातून, आपल्या खोलीत.

दुसऱ्या वेळी ते दारातून गेलेच नाहीत. चंचुपात्र छातीशी धरलं आणि सरळ फक्की ओलांडली.

फुर्रर्र! जानकीची शिट्टी. "आऊट! नाना भिंतीतून गेले! नाना आऊट!"

सगळे हसले. मैदानाबाहेरची पोरं टाळ्या वाजवायला लागली. मीपण हसतच त्यांच्याकडे पळत गेले, म्हणजे आऊट झालेल्याला बाहेर काढायचं माझंच काम होतं, आणि जवळ जाऊन बघते तर त्यांचे हात थरथरत होते. म्हातारपणाचे थोडेसे थरथरतात तसे नव्हे. काच बोटांतल्या अंगठीवर वाजत होती, टिक टिक टिक. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. मग हात खिशात घालायला गेले, पण हातात पात्र होतं, खिशात घालणार कसे?

मला एकदम सगळं कळलं. तो हुकूम नव्हताच. नानांचे डोळे आणि कमलताईंचे हात. दोघं मिळून एक माणूस काम करत होता, त्या खिडकीखाली, आणि शेजारी शेजारी बसल्यामुळे बाकी कुणाला ते दिसतही नव्हतं. आणि आम्ही, म्हणजे माझी आते, मधे जाड भिंत घालणार होती. पितळी पाटी लावून. त्या भिंतीनंतर नानांचं काम संपलंच असतं. आणि भिंत नको म्हणायचं तर का नको तेही सांगावं लागलं असतं, सगळ्यांसमोर. म्हणून ते नुसतं म्हणायचे, बघा अजून.

मी सांगितलं ना, मला त्या वर्षी कुठेही, कुणासमोरही बोलता यायचं. तोंडाशी आलंच होतं. "आते, कळलं गं, कळलं!" एवढं ओरडायचाच अवकाश होता. मी तोंड उघडलंसुद्धा.

आणि म्हटलं, "जानके, फाऊल तुझाच! नाना आऊट नाहीत. रेघ चुकली आहे. इथे भिंत नाहीच."

"नाही कशी? मीच मारलीय ती!"

"मग चुकीची मारलीस."

"ए, शहाणे! दोरी तुझ्या बाबांनी धरली होती!"

 मी चप्पल काढली आणि पायाने फक्की पुसायला लागले. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळे बघत होते. जानकी रागाने शिट्टी हातात फिरवत होती. नाना तिथेच, पुसलेल्या रेघेवर, पात्र धरून उभे.

अनुआते कागद घेऊन आली. "जये, काय करतेस?"

"इथे भिंत नाही ना, आते? नकाशात?"

तिने नकाशात बघितलं. ती भिंत तिथे होती, जाड, काळी, तिच्याच हातची. मग तिने माझ्याकडे बघितलं. मग नानांकडे. कमलताईंकडे. नळी कमलताईंच्या हातात होती आणि पात्र नानांच्या, आणि दोघंही तिच्याकडे बघत नव्हते.

"नाही," अनुआते म्हणाली. "एक रेघ जास्तीची पडली माझ्याकडून." आणि पेन्सिलने नकाशातल्या भिंतीवर आडवीतिडवी फुली मारली. "दोन्ही खोल्या मिळून एकच. उत्तरेला सलग खिडकी, तिच्याखाली सलग टेबल. लिहायला बसायच्या जागा हव्या तर मागे देते, वेगवेगळ्या, दारं लावून. पण कामाचं टेबल एकच."

"आणि पितळी पाटी?" एका तरुण शास्त्रज्ञाने विचारलं. "ट्रस्टींना काय सांगायचं?"

"पाटी एकच लावा," कमलताई म्हणाल्या. "नावं दोन. पितळ तेवढंच लागेल." मग आम्हाला म्हणाल्या, "मुलींनो, ते बाक इकडे सरकवा बघू. ह्या बाकाला चिकटवून."

आम्ही बाक सरकवलं. जानकीनेपण एक टोक धरलं, तोंड फुगवून. नाना शेजारी बसले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, जिथे खिडकी येणार होती तिकडे वर बघितलं. तिथे नुसतं आकाश होतं. मग म्हणाले, "हं. आता बरोबर आहे."

हे इतकं हळू म्हणाले की अनुआतेला ऐकू आलं की नाही तेच मला कळेना. पण आलं असावं, कारण ती मटकन बाकावर बसली, कमलताईंच्या शेजारी, त्या बाटल्यांमध्येच.

"मग ट्रस्टींना काय कळवू, नाना?"

"कळवायचं काय? आणा तो नकाशा इकडे. सही करतो."

"आत्ता? अहो, पण..."

"आत्ताच."

कमलताईंनी एकदम वर बघितलं. सगळे भोवती जमले होते, तरुण शास्त्रज्ञ, आमची टीम, बाबा, बाहेरची पोरंसुद्धा फक्की ओलांडून आत आलेली. नानांनी अनुआतेचं पेन घेतलं. हात कागदावर टेकला तरी थरथरतच होता. 'सी'ची वेलांटी लिहिता लिहिता कुठच्या कुठे गेली. ते थांबले नाहीत. कमलताईंनी कागदाची कड बोटांनी दाबून धरली, फक्त कागदाची.

 जानकीला मात्र काही माहीत नव्हतं. ती काळजीने म्हणाली, "सर, थंडी वाजतेय का? माझा स्वेटर आहे."

मी तिला कोपराने ढोसलं. पण नाना हसले. "नाही गं बाळ. हात असाच आहे माझा आता. दोन वर्षं झाली."

"तीन," कमलताई म्हणाल्या, कागदावरची नजर न काढता.

"तीन," नाना म्हणाले आणि पुढची अक्षरं लिहायला लागले. तरुण शास्त्रज्ञांपैकी एकाने खाली बघितलं. दुसऱ्याने पुढे होऊन नानांच्या दुसऱ्या कोपरापाशी सरकणारी बाटली हळूच बाजूला घेतली. तेवढंच.

सही झाली तेव्हा ती सहीच्या चौकटीबाहेर पार जिन्यापर्यंत गेली होती. अनुआते ती बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते आणि नाकावर अजून फक्की होती, आणि ती मूर्खासारखं जे खरं तेच बोलून गेली, "पण नाना, ह्या सहीचा उपयोग नाही हो. भिंत काढली म्हणजे सगळा नकाशा मला नव्याने काढावा लागणार. उद्या तुम्हाला परत सही करावी लागेल."

नानांनी पेनाचं टोपण लावायचा प्रयत्न केला. एकदा, दोनदा. मग ते पेन त्यांनी तसंच कमलताईंपुढे धरलं, सगळ्यांदेखत, आणि कमलताईंनी टोपण लावून दिलं.

"करीन की," ते म्हणाले. "आता काय, कितीही वेळा करीन."